तेलाचा गुळणा आणि दातांचे आरोग्य



आजचा विषय पुष्कळांच्या तोंडी असलेला आहे, आणि तो खरोखरीच तोंडातला आहे. सकाळी उठल्यावर चमचाभर खोबरेल तोंडात घ्यावे, पंधरावीस मिनिटे ते दातांतून घोळवावे आणि थुंकून टाकावे, असा परिपाठ अलीकडे अनेक घरांत सुरू झाला आहे. त्याने दात किडत नाहीत, हिरड्या बळकट होतात, इतकेच नव्हे तर सांधेदुखीही पळते, असे सांगणारे भेटतात. उलट, हा सारा खुळचटपणा आहे असे म्हणून हसणारेही भेटतात. आम्हांस या दोन्ही पक्षांस एकच विनंती करावयाची आहे : निकाल देण्यापूर्वी पुरावा पाहावा.

प्रथम जुना आधार पाहू. तेलाचा गुळणा ही कल्पना नवी नव्हे. आयुर्वेदात तिचे दोन प्रकार आहेत. तोंड गच्च भरून द्रव न हालवता धरून ठेवणे हा गंडूष, आणि तोंडात फिरवता येईल इतकाच घेणे हा कवल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात तेलाच्या गंडूषाचे गुण दिले आहेत : जबड्यास बळ येते, ओठ फुटत नाहीत, दातांची मुळे घट्ट राहतात, आंबट खाल्ले तरी दात शिवशिवत नाहीत. पण हे वर्णन तिळाच्या तेलाचे आहे. आपला 'तेल' हा शब्दच मुळी तिळावरून आला. खोबरेलाचा बोलबाला पुष्कळ अलीकडचा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्याच अध्यायात गंडूषाच्या आधी चरकाने दिवसातून दोन वेळा दातवण करावयास आणि जीभ खरवडावयास सांगितले आहे. म्हणजे चरकाच्या घरी तेल हे दातवणाच्या जोडीला आले. दातवणाची जागा घ्यावयास आले नाही. आज जे लोक ब्रश टाकून देऊन खोबरेल धरतात, ते चरकाचे नाव घेतात, पण चरकाचे ऐकत नाहीत.

आता नवे शास्त्र काय म्हणते ते पाहू. दात का किडतो, याचा उलगडा 1890 साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने आपल्या ग्रंथात केला. तोंडातले सूक्ष्म जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. हे जंतू दातावर चिकट थर करून राहतात. थर ताजा असेतो ब्रशने निघतो. तो तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी त्याचे दगडासारखे कीटण बनते. मग ते दंतवैद्याच्या हत्यारावाचून निघत नाही. तेलाने तर नाहीच नाही.

तेलाविषयी ज्या गोष्टी सांगतात त्यांतील काही तपासून पाहू. थुंकलेले तेल पांढरे होते, ते शरीरातले विष होय, असे म्हणतात. वास्तविक तेल, लाळ आणि हवा घुसळली की पांढराच द्रव होतो. निरोगी माणसाच्या तोंडातही तो तसाच होईल. दुसरे, तेलाचा तोंडात साबण बनतो म्हणतात. साबण करावयास कॉस्टिक सोड्यासारखा कडक क्षार लागतो. लाळ तर जवळजवळ उदासीन असते. तिसरे, खोबरेलात लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मे असते आणि ते जंतुनाशक आहे, असे म्हणतात. यात तथ्य आहे. पण तेलात ते ग्लिसरीनशी बांधलेले असते, सुटे नसते. म्हणून प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत दिसलेला गुण तोंडात तितकाच दिसेल असे धरून चालता येत नाही.

माणसांवरील प्रयोगही झाले आहेत. खोबरेलाच्या गुळण्यावरील चार प्रयोगांचा एकत्र आढावा 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्व मिळून 182 माणसे होती. लाळेतले जंतू आणि दातांवरचा थर काही अंशी कमी होण्याची शक्यता त्यात दिसली. पण प्रयोग लहान, थोड्या दिवसांचे आणि पुरेशा काटेकोरपणे न केलेले. अमेरिकन डेंटल असोसिएशन तर ही पद्धत वापरण्याची शिफारस करीत नाही. तेव्हा 'थोडा फायदा संभवतो' इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

मग एवढी चर्चा कशाला? तेल तर निरुपद्रवी आहे, असे कोणी म्हणेल. सभ्यहो, धोका तेलात फारसा नाही. तो तेलाच्या भरवशावर घालवलेल्या दिवसांत आहे. हिरड्यांचा रोग बहुधा दुखत नाही. ब्रश करताना थोडे रक्त येते, माणूस तेल धरतो, तोंडास बरे वाटते, आणि आत हाड झिजत राहते. दात हालू लागला म्हणजे जाग येते. आपल्याकडे तंबाखू भाजून केलेली मिसरी हिरड्यांना लावणाऱ्या स्त्रिया आजही आहेत. त्यांच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा उठला, अथवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तो गुळण्याचा विषय नव्हे. तो कर्करोग असू शकतो, आणि तिथे महिनाभराचा विलंबही जीवावर बेतू शकतो.

आणखी एक सावधगिरी. तेल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसास इजा होते. पाच वर्षांखालील मुलास कवल देऊ नये, असे वाग्भटानेही बजावले आहे. ज्यांना गिळताना ठसका लागतो, अशा वृद्धांनीही हा प्रयोग करू नये.

तेव्हा ज्यांना खोबरेल आवडते त्यांनी ते खुशाल घ्यावे, पण थुंकून टाकावे; गिळू नये. मात्र दोन वेळा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावे, गोड खाणे आवरावे, मिसरी व तंबाखू सोडावी, आणि दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे जावे. जुन्याचा मान राखावयाचा तर तो संपूर्ण राखावा. सोयीचे एक पान फाडून घेऊन नव्हे.