पाँपीचे अवशेष पाहतांना

इटलीस जाणाऱ्या प्रवाशाच्या मनांत रोमचें कलोसियम आधींच उभें असतें. तें त्यानें अवश्य पाहावें. परंतु नेपल्सजवळच्या पाँपीसाठीं एक सबंध दिवस राखून ठेवावा. रोममध्यें साम्राज्याचें वैभव दिसतें, पाँपींत सामान्य माणसांचा संसार दिसतो.

इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या स्फोटानें हें नगर राखेखालीं गाडलें गेलें. १७४८ मध्यें त्याच्या उत्खननास आरंभ झाला. तेथें प्रथम रस्त्याकडे पाहावें. फरसबंदींत गाड्यांच्या चाकांनीं खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. पादचाऱ्यांचे पाय चिखलांत भरूं नयेत म्हणून उंच दगड बसविले असून, चाकें जाण्यापुरती जागा त्यांच्यामध्यें सोडली आहे. चौकांतील हौदांचे कांठ पाणी भरणाऱ्यांच्या हातांनीं झिजले आहेत. भटारखान्यांत दगडी जातीं उभीं आहेत. यांचा अर्थ सांगावयास वाटाड्या लागत नाहीं.

सावधगिरी लागते ती पुढें. राखेंत गाडलेले देह नाहींसे होऊन त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या होत्या. १८६३ मध्यें फियोरेल्ली यांनीं अशा पोकळ्यांत पातळ प्लॅस्टर ओतलें, आणि मृतांच्या अखेरच्या क्षणांच्या आकृति जगापुढें आल्या. सोन्याचें कंकण ल्यालेली एक व्यक्ति आणि तिच्याजवळचें मूल यांना लोक मायलेकरें म्हणत आले. २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणींत ती व्यक्ति पुरुष ठरली, आणि त्या मुलाशीं तिचें रक्ताचें नातेंही आढळलें नाहीं. पोकळी प्लॅस्टरनें भरली होती. कथा मात्र पाहणाऱ्यांनीं भरली!

भारतांतून तेथें गेलेल्या एका वस्तूचेंही असेंच झालें. १९३८ मध्यें पाँपीच्या एका घरांत सुमारें २४ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. ती लक्ष्मी म्हणून प्रसिद्ध झाली. पुढें अनेक विद्वानांनीं ती यक्षी असावी असें मत मांडलें. मराठवाड्यांतील भोकरदनच्या उत्खननांत तिच्याशीं मिळतीजुळती मूर्ति मिळाल्यामुळें, तीही त्याच भागांत कोरली गेली असावी, असें कांहींजण मानतात. मराठी प्रवाशानें नेपल्सच्या संग्रहालयांत तिचें दर्शन घ्यावें.

नगराचा सुमारें एक तृतीयांश भाग अद्यापि खणलेला नाहीं. पुढील पिढ्यांजवळ अधिक चांगलीं साधनें असतील. तोंपर्यंत तो मातीखालीं राहणेंच शहाणपणाचें. पाहणाऱ्यानेंही तोच संयम पाळावा. त्या आकृति म्हणजे मृत्यूनें वाटेंत गांठलेलीं माणसें आहेत, हें स्मरावें, आणि त्यांना आपली कहाणी चिकटविण्यापूर्वीं क्षणभर मौन धरावें.