आंत्रपुच्छाचा दाह व रक्तप्रवाहाची साक्ष



बेंबीभोवती उठलेली कळ काही तासांत उजव्या बाजूस खाली सरकते. घरी मात्र पित्त समजून एरंडेल दिले जाते. आजीबाईच्या बटव्यातील हा मानाचा उपाय खरा, परंतु येथे तो अपायच करतो. नाशिकमध्ये सोनोग्राफीची सोय आज सहज मिळते. हॉलंडचे डॉ. पॉयलार्ट यांनी १९८६ मध्ये पोट हळूहळू दाबत आंत्रपुच्छ, म्हणजेच अपेंडिक्स, पाहण्याची रीत मांडली. दाबूनही न चेपणारे, ६ मिलिमीटरहून जाड अपेंडिक्स संशयास्पद ठरते. तथापि निरोगी अपेंडिक्सही कधी ७ मिलिमीटरचे असते. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया करावी काय?

अशा वेळी डॉप्लर तपासणी साहाय्यास येते. निकोप भिंतीत रक्तप्रवाह जेमतेम दिसतो. सुजलेल्या भिंतीत तो वाढतो, पडद्यावर रंग उमटतात आणि प्रवाहाचा वेगही मोजता येतो. मात्र अपेंडिक्स सडू लागले की रक्तपुरवठाच तुटतो व रंग नाहीसे होतात. रंग नाही म्हणून रोगी सुरक्षित, असे मानणे घातक ठरते. म्हणूनच शल्यचिकित्सक पोट हाताने तपासतात, रक्तातील पांढऱ्या पेशी पाहतात आणि शंका उरल्यास सी.टी. स्कॅन सांगतात.