अवघड खेळ : गोडी की जाच?

आजचा विषय खेळाचा आहे, पण हा खेळ मैदानावरचा नव्हे. पडद्यावर खेळतात तो, हातघाईच्या लढाईचा खेळ. व्हिडिओ गेम म्हणतात तो. मुरुडच्या बाजारपेठेत म्हणा, राजपुरीच्या धक्क्यावर म्हणा, संध्याकाळी चार पोरं एका मोबाईलवर वाकलेली दिसली की मोठी माणसं म्हणतात, "लागली पोरं वाया जायला!" आणि थोड्या वेळानं त्यातलाच एखादा तोंड पाडून, चिडून उठतो, तेव्हा तीच माणसं विचारतात, "एवढा राग येतो तर खेळतोस कशाला?"

प्रश्न रागानं विचारलेला असला तरी मोठा नामी आहे. जो खेळ पुन्हा पुन्हा हरवतो, तो माणूस पुन्हा पुन्हा का खेळतो? अशा लढाईत खरोखर गोडी असते, की तो नुसता जाच असतो? शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रश्न तुमच्याही कामाचा आहे. कसा, ते पुढं येईलच.

आधी आपल्या ओळखीच्या खेळाकडे वळू. रायगड जिल्ह्यात कबड्डी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. चढाईला गेलेला गडी पकडला गेला की आपण म्हणतो, गडी मेला. त्याच्या संघानं समोरचा गडी मारला की हा जिवंत होऊन परत मैदानात येतो. तेव्हा मरायचं आणि पुन्हा उठायचं, ही काही पडद्यावरच्या खेळाची नवलाई नाही. आपल्या मातीत ती जुनीच आहे.

जाणत्या खेळाडूंना कबड्डीचे जुने प्रकार ठाऊक असतील. संजीवनी प्रकारात मेलेला गडी परत येतो. दुसऱ्या एका प्रकारात तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसून राहतो. आणि अमर प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नाही, नुसता गुण मोजतात. आज स्पर्धांतून गडी जिवंत करण्याचीच रीत चालते. मला वाटतं, ही रीत माणसाच्या स्वभावाला धरून आहे. हरण्याला काहीच किंमत नसेल तर खेळात राम उरत नाही. किंमत फार असेल तर गडी बाहेर बसून कंटाळतो. संजीवनीत किंमतही आहे आणि परतीची वाटही आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. पकडला गेलेला चढाईपटू मैदानाबाहेर येतो तेव्हा त्याला विचारा, कसा मेलास? तो लगेच सांगेल, "डाव्या कोपऱ्यातल्यानं घोटा धरला. मी पाय लांबवला, तो मागं घ्यायला उशीर झाला." त्याला आपलं मरण समजलेलं असतं. पुढच्या चढाईत तो पाय जपतो.

यावरून आपल्याला तीन कसोट्या मिळतात. हरल्यावर कारण कळलं पाहिजे. पुन्हा डाव मिळाला पाहिजे. आणि हरण्याची किंमत सोसण्याजोगी पाहिजे. या तिन्ही असतील तर अवघड खेळ गोड लागतो. यातली एक जरी सुटली तरी त्याचा जाच होतो.

आता या कसोट्या घेऊन पडद्यावरच्या खेळाकडे जाऊ. जपानात फ्रॉमसॉफ्टवेअर नावाची खेळ बनवणारी कंपनी आहे. हिदेताका मियाझाकी हे तिथले नामांकित दिग्दर्शक. त्यांचे 2009 चा 'डीमन्स सोल्स', 2011 चा 'डार्क सोल्स', 2019 चा 'सेकिरो' आणि 2022 चा 'एल्डन रिंग' हे खेळ जगभर गाजले, आणि गाजले ते अवघड म्हणूनच. एकट्या 'एल्डन रिंग'च्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे पदरचे पैसे खर्चून मार खाणारी माणसं जगात थोडीथोडकी नाहीत!

यातल्या 'सेकिरो'ची लढाई थोडी उलगडून सांगतो. जुन्या काळच्या जपानातला हा तलवारबाज. खेळाच्या सुरुवातीलाच त्याची गाठ गेनिचिरो नावाच्या सरदाराशी पडते आणि त्यात त्याचा एक हात जातो. तुम्ही कितीही चांगले लढा, तो हात जातोच. पुढं बराच खेळ झाल्यावर किल्ल्याच्या माथ्यावर तोच गेनिचिरो पुन्हा समोर येतो.

या खेळात नुसते घाव घालत सुटलं तर निभाव लागत नाही. समोरच्याचा घाव अंगावर येतो त्याच क्षणी आपली तलवार आडवी धरायची. वेळ नेमकी साधली तर पोलादाचा खणखणीत आवाज येतो आणि शत्रूचा तोल थोडा ढळतो. वेळ चुकली तर आवाज बोदा येतो आणि आपलाच तोल जातो. काही घाव असे नुसते अडवता येत नाहीत. त्यांच्या आधी पडद्यावर लाल रंगाचं एक अक्षर चमकतं. मग पाहायचं : पायावर घाव आला तर उडी मारायची, भोसकायला आला तर पुढं होऊन ते पातं पायाखाली दाबायचं, धरायला आला तर बाजूला सरायचं.

नवखा माणूस इथं दहा वेळा मरतो, वीस वेळा मरतो. पण प्रत्येक वेळी त्याला कळतं की उडी मारायची होती आणि आपण बाजूला सरलो. विसाव्या खेपेला हात आपोआप योग्य ते करतो. शत्रू तोच, त्याची ताकद तीच. बदललेला असतो तो खेळणारा. गोडी आहे ती इथं. जिंकल्याचा आनंद तर खराच, पण काल जमत नव्हतं ते आज जमलं, हे आपल्याच हातानं आपल्याला सांगितलं, याचा आनंद त्याहून मोठा. 2019 साली 'सेकिरो'ला 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला.

आता हे सगळ्यांना गोड लागतं का? नाही. 'डार्क सोल्स'मध्ये मेलं की विसाव्याच्या शेकोटीपासून पुन्हा वाट चालावी लागते, वाटेवरचे मारलेले शत्रू पुन्हा उभे असतात. त्याच त्या वाटेला काही जण कंटाळतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. दुसरी कसोटी तिथं ढिली पडते. शिवाय 'सेकिरो'त सोपी पातळी ठेवलेलीच नाही. ज्याच्या बोटांना वेग नाही, नजर अधू आहे, त्यानं काय करायचं, यावर 2019 साली मोठा वाद झाला. याच्या उलट 2018 च्या 'सेलेस्ट' या कॅनडातल्या डोंगर चढण्याच्या खेळात, ज्याला हवं त्याला खेळाचा वेग कमी करून घेता येतो. डोंगर तोच ठेवून ज्याच्या त्याच्या पायाला झेपेल अशी पायरी द्यायची, ही युक्ती मला शहाणपणाची वाटते.

आपल्या महाराष्ट्राकडे या. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीनं 'राजी' नावाचा खेळ बनवला. राजी ही कसरती करणारी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्रिशूळ घेऊन त्याला सोडवायला निघते. खांबाला गरका मारून, भिंतीवरून धावून ती वार करते. मल्लखांब पाहिलेल्या माणसाला ते आपलंसं वाटावं. 2017 साली या मंडळीनं लोकांकडून वर्गणी जमवायचा प्रयत्न केला, पण ठरलेली रक्कम उभी राहिली नाही. तरी काम चालू ठेवून 2020 साली खेळ बाहेर आला. त्यातल्या चित्रांची आणि कथेची वाहवा झाली. लढाईबद्दल मात्र मतं फाटली. कुणाला राजीच्या कसरती आवडल्या, तर काही समीक्षकांनी लढाईला हवा तेवढा नेमकेपणा नाही अशी तक्रार केली. पाहा, 'राजी' काही 'सेकिरो'इतका अवघड नाही. तरीही कुणाला तिथली लढाई खटकली. म्हणजे वैताग अवघडपणातून येतोच असं नाही. आपला वार का लागला आणि का चुकला हे नीट कळत नसलं की सोपी लढाईही वैताग आणते.

आपल्या पोरांच्या हातातल्या मोबाईलवरच्या लढाया बहुधा दुसऱ्या माणसांशी असतात. तिथं एक अडचण वेगळीच. पावसाळ्यात रेंज जाते-येते. पोरानं बोट वेळेवर दाबलेलं असतं, पण ते पलीकडं पोचेपर्यंत याचा गडी मेलेला असतो. यात शिकायचं काय? काहीच नाही. चुकलं कुठं ते सापडत नाही आणि राग कुणावर काढायचा तेही कळत नाही. आईबापांना माझं सांगणं आहे, की पोरगं चिडून उठलं तर आधी ओरडू नका. एकच प्रश्न विचारा, "कसा हरलास?" त्यानं रीतसर सांगितलं, की समोरचा डावीकडून आला, मी घाई केली, तर त्याची बुद्धी जागी आहे, खेळ त्याला काहीतरी शिकवतो आहे. "काय माहीत, खेळच भंगार आहे," असं म्हणत तो पुन्हा तिथंच बोटं आपटत असेल, तर फोन ठेवायची वेळ झाली आहे.

काही खेळ तर मुद्दामच जाच करतात. खेळणारा अडेल अशी जागा करून ठेवायची, आणि तो अडला की म्हणायचं, एवढे पैसे भर, तुला चांगली तलवार देतो. इथं हात शिकत नाही, खिसा मात्र रिकामा होतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ तर त्याहून घातक. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेनं 2025 च्या ऑगस्टमध्ये केला. आणि खेळ चांगला असला तरी अतिरेक वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली मान्य केलेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या व्यसनाची नोंद आहे. हात आवरत नाही, बाकी सगळ्या गोष्टींपुढं खेळच मोठा वाटतो, नुकसान दिसूनही थांबवत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, अशी त्याची लक्षणं दिली आहेत. एखाद्या संध्याकाळी चिडणं म्हणजे आजार नव्हे, हेही त्यावरून समजावं.

गुरुजनहो, आता तुमच्याकडे वळतो. एखाद्या मुलानं बेरजेची दहा गणितं केली आणि दहाही चुकली. तुम्ही दहा फुल्या मारल्या आणि खाली शून्य लिहिलं. मूल घरी काय घेऊन गेलं? "मला गणित येत नाही," एवढंच. पण वही जरा निरखून पाहिली तर दिसतं, की बाकी सगळं बरोबर आहे, फक्त प्रत्येक वेळी हातचा धरायचा राहिला आहे. तेव्हा त्या हातच्याच्या जागेभोवती एक वर्तुळ काढा, आणि त्याच दिवशी तशीच दोन गणितं पुन्हा घाला. कारण कळलं, पुन्हा डाव मिळाला. आणि चार मुलांसमोर उभं करून हसं केलं नाही, तर किंमतही सोसण्याजोगी राहिली. गणित सोपं करायची गरज नाही. अवघड राहू द्या. पण हरलेल्याला आपलं हरणं वाचता आलं पाहिजे, एवढी सोय शिकवणाऱ्यानं करायची.

एक मात्र लक्षात ठेवू. खेळ तो खेळ, आणि युद्ध ते युद्ध. मुरुडच्या माणसाला हे सांगायला नको. समोर समुद्रात जंजिरा उभा आहे. शिवाजी महाराजांनी त्याला शह द्यायला कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला. संभाजीराजांनी 1682 साली राजपुरीच्या बाजूनं समुद्रात भराव घालून वाट करायचा प्रयत्न केला. दर वेळी तऱ्हा नवी, तरी किल्ला हाती आला नाही. 1948 साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं, तेव्हाच तो आपला झाला. तिथं जे गडी पडले ते पुन्हा उठून आले नाहीत. मेहनत केली की यश मिळतंच, असा धडा तो किल्ला देत नाही. काही तट चढून जात नाहीत.

पण याच जंजिऱ्याची एक हकिकत इकडे सांगतात. लाय पाटील नावाच्या कोळी वीरानं रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावल्या, पण मागून यायची कुमक वेळेवर आली नाही. उजाडायच्या आत शिड्या काढून परत यावं लागलं. मोहीम फसली. तरी महाराजांनी त्यांना पालखीचा मान देऊ केला. दर्यावर वावरणाऱ्याला पालखी काय कामाची, म्हणून त्यांनी तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी त्यांना 'पालखी' नावाचं गलबतच बांधून दिलं, असं सांगतात.

श्रोतेहो, या हकिकतीत किल्ला पडत नाही, पण कुणाचं काय चुकलं आणि कुणाचं काय बरोबर होतं, हे पाहणारा धनी त्यात आहे. हरलेल्या गड्याला तेवढंच हवं असतं. आपलं पोर पडद्यावर हरो, मैदानात हरो, नाहीतर परीक्षेत. शिड्या नीट लावल्या होत्या की नाही, एवढं त्याच्याजवळ बसून पाहावं. मग अवघड डावाची त्याला भीती वाटणार नाही.