काट्याचा वेग आणि खरा वेग



महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्री नदीच्या खोऱ्यातील मुंबई-गोवा महामार्ग वाहनचालकाला बऱ्यापैकी सुलभ वाटतो. पूर्वी १७ क्रमांकाने ओळखला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग आता ६६ क्रमांकाचा झाला आहे. पोलादपूर आले की मात्र चित्र पालटते. दक्षिणेस कशेडीचा घाट आहे, पूर्वेस महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट आहे. सपाट रस्त्यावर अंगवळणी पडलेला वेग घेऊनच चालक वळणांत शिरतो. आपण किती वेगाने चाललो आहोत हे त्याला समोरच्या तबकडीवरील काटा सांगतो. तो काटा खरे सांगतो की नाही, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही.

वेगदर्शक, म्हणजे आपल्या नित्याच्या बोलण्यातला स्पीडोमीटर, रस्ता मोजीत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि त्यावरून वेगाचा हिशेब मांडतो. समजा, टायरचा व्यास ७० सेंटिमीटर आहे. त्याच्या एका फेऱ्यात वाहन सुमारे २ मीटर २० सेंटिमीटर पुढे जाते आणि एका किलोमीटरला सुमारे ४५५ फेरे लागतात. वेगदर्शकाचा सारा हिशेब या गृहीतावर उभा असतो. गृहीत बदलले की हिशेब चुकतो. टायर झिजला किंवा त्यातील हवा कमी झाली, तर चाक लहान होते, फेरे वाढतात आणि काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवितो. याउलट, मूळ मापापेक्षा मोठा टायर बसविला तर काटा कमी वेग दाखवितो. ही दुसरी चूक अधिक धोक्याची होय. ७० ऐवजी ७५ सेंटिमीटर व्यासाचा टायर बसविला, तर काटा ६० वर असताना वाहन ताशी ६४ किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असते. ब्रेक लागल्यापासून वाहन थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एवढ्याशा फरकानेही ते अंतर सुमारे १५ टक्क्यांनी लांबते. वळणापलीकडे शाळेतून परतणारी मुले असतील, तर या १५ टक्क्यांचे मोल वेगळे सांगावयास नको.

जुन्या जीपगाड्यांत व ट्रकांत वेगदर्शकाला तारेची केबल जोडलेली असते. केबलबरोबर लोहचुंबक फिरतो, तो ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढ देतो आणि बारीक स्प्रिंग त्या ओढीला विरोध करते. या ओढाताणीतून काटा आपल्या जागी स्थिरावतो. चुंबक क्षीण झाला की काटा कमी वेग दाखवितो, स्प्रिंग सैल पडली की जास्त. केबल कोरडी पडली तर काटा थरथरू लागतो. नव्या वाहनांत केबलची जागा विद्युत संवेदकाने घेतली आहे. तथापि टायरच्या मापाचा प्रश्न तेथेही कायम आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ वेगदर्शकासंबंधी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या विनियमात वेगदर्शकाच्या चुकीची मर्यादा ठरविली आहे. दाखविलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त असल्यास तो खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किलोमीटर एवढाच जास्त असावा. खरा वेग ६० असेल तर काटा फार तर ७० दाखवू शकतो. म्हणूनच पुष्कळ वाहनांचे काटे मुळातच थोडा जास्त वेग दाखवितात. परंतु “काटा नेहमी जास्तच दाखवितो, आणखी पाच-दहा किलोमीटर वेग वाढविला तरी हरकत नाही,” असा समज करून घेणे घातक आहे. टायर बदललेल्या वाहनाला हा समज लागू पडत नाही. पोलिसांच्या वेगमापक यंत्रापुढे काट्याची सबबही चालत नाही, कारण ते यंत्र वाहनाचा प्रत्यक्ष वेग मोजते.

काटा तपासण्याचा उपाय सोपा व बिनखर्चाचा आहे. त्यासाठी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि हातातील घड्याळ पुरेसे आहे. टायरमधील हवा योग्य करून घ्यावी. रहदारी कमी असताना सरळ, सपाट भागावर काटा ६० वर स्थिर ठेवावा आणि एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत लागणारे सेकंद मोजावेत. घड्याळ पाहण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे, चालकाने नव्हे. ३६०० या संख्येला सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो. ६० सेकंद लागले तर वेग ६० आहे, ७२ लागले तर ५० आणि ५६ लागले तर ६४ च्या वर. रस्त्याची आखणी बदललेल्या ठिकाणी दगडांमधील अंतर चुकीचे असू शकते, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर पडताळा घ्यावा. मोबाईलमधील उपग्रहाधारित वेगही उपयोगी पडतो, पण तो सरळ रस्त्यावर आणि स्थिर वेगात पाहावा. घाटाच्या वळणांत त्यावर विसंबू नये, कशेडीच्या बोगद्यात तर उपग्रहाचा संदेशच पोहोचत नाही.

फरक आढळल्यास प्रथम टायरचे माप उत्पादकाने ठरविलेल्या मापाशी ताडून पाहावे. ते बरोबर असेल तर केबल किंवा संवेदक तपासून घ्यावा. दुरुस्ती होईपर्यंत “काटा ५०, खरा वेग ५४” अशासारखी नोंद चालकासमोर चिकटवून ठेवावी.

येथे कार्यालयांचा व संस्थांचा संबंध येतो. चुकीच्या मापाच्या टायरमुळे वेगाबरोबर अंतराची नोंदही चुकते. टायर मोठा असेल तर लॉगबुकात किलोमीटर कमी भरतात आणि वाहन डिझेल जास्त खाते असे दिसते. मग निष्कारण चालकावर संशय येतो. म्हणून टायर बदलताना त्याचे माप आणि काट्याचा पडताळा यांची नोंद लॉगबुकात व्हावी. शाळेने मुलांची वाहतूक करणाऱ्या वाहनाबाबत आणि ग्रामपंचायतीने आपल्या वाहनाबाबत हाच परिपाठ ठेवावा. शिक्षकांना तर वेग, काळ व अंतर यांचे गणित शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

२८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचा वेगदर्शकाशी संबंध जोडण्याचे काही कारण नाही. परंतु घाटातील रस्ता चुकीला किती थोडी जागा देतो, हे तिने साऱ्या तालुक्याला दाखवून दिले. काटा बिनचूक असला तरी पावसात, धुक्यात आणि वळणावर किती वेग ठेवावा हे तो सांगू शकत नाही. ते समोर दिसणाऱ्या रस्त्यावरूनच ठरवावे लागते. मात्र चालकाने मनाशी ठरविलेला वेग आणि वाहनाचा वेग एकच असावा, एवढी खात्री तरी काट्याने दिली पाहिजे. ती खात्री करून घेण्यास एक किलोमीटर रस्ता आणि एक मिनिट पुरते.