पाहुण्या विद्यार्थिनी आणि आपलं ‘हो’

गेल्या हिवाळ्यात आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ऑस्ट्रेलियातून नर्सिंगच्या चार विद्यार्थिनी महिनाभर राहायला आल्या होत्या. त्यांच्या जेवणाचं काम आमच्या बचत गटांकडे होतं. आमच्यातल्या दोघींना कामापुरतं इंग्रजी येतं, म्हणून दुभाषाचं कामही आमच्याच गळ्यात पडलं. त्यांच्या पहिल्या आठवड्यात जे घडलं ते आज सांगतो. चूक त्यांची झाली, तशी आपलीही.

पहिल्या दिवशी पोरी पार भांबावल्या. केसपेपरची रांग कुठली, गोळ्यांची कुठली, काही कळेना. बाळंतिणीच्या खाटेखाली सतरंजी टाकून सासू झोपलेली. ही पण पेशंट का, असं एकीनं विचारलं! आम्हाला हसू आलं, पण तिचंही बरोबरच होतं.

मोठ्या सिस्टरनी बजावलं होतं, सुई टोचायची नाही, औषध द्यायचं नाही, फक्त बघायचं. तिसऱ्या दिवशी एकीला रडूच कोसळलं. एवढी गर्दी, आणि आम्ही नुसत्या उभ्या, असं म्हणाली. आम्ही तिला चहा दिला आणि बाकावर बायकांमध्ये बसवलं. लग्न झालं का, भाऊ किती, सगळी चौकशी झाली तिची.

चौथ्या दिवशी मात्र गडबड झाली. बाळाला पाजत असलेल्या एका आईचा फोटो एकीनं काढला. खुणेनं विचारलं होतं, आईनं मान हलवली होती. संध्याकाळी सासू आमच्यावरच आली, “हा फोटो कुठं कुठं फिरणार?” सुनेला विचारलं तर म्हणाली, “मॅडमला नाही कसं म्हणायचं?” मुलीनं सर्वांसमोर फोटो पुसला आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आशाताईंबरोबर घरभेटी होत्या. गरोदर बायकांना विचारलं, लोहाच्या गोळ्या घेता का? पाचही जणी ‘हो’ म्हणाल्या. विद्यार्थिनीनं वहीत लिहून घेतलं. आमच्यातली एक पाणी आणायला आत गेली, तर तांदळाच्या डब्यामागे पाकिटं तशीच, एकही गोळी फोडलेली नाही. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची असते ती गोळी. मग बसून हळूहळू विचारलं. मळमळतं, शी काळी होते, बाळ मोठं झालं तर सुटका अवघड जाईल, अशी एकेक भीती बाहेर आली. आशाताईंनी समजावलं, शी काळी होते ती लोहामुळे, त्यात घाबरायचं काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. चहाबरोबर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळून पाणी घेतलं तर चांगलंच.

त्या मुलीनं वहीतले पाचही ‘हो’ खोडले.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. पण डब्यामागे काय आहे, हे गावच्या बाईलाच कळणार ना! जामखेडला आजही परदेशातून विद्यार्थी शिकायला येतात.

आता आपल्याबद्दल. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत खासगीपणाचा हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाई असावी, हेही आहे. समोरची व्यक्ती डॉक्टर की शिकाऊ, हे विचारायला लाजू नका. फोटोला ‘नको’ म्हटलं म्हणून औषध थांबत नाही. पाहुण्यांचा मान राखायचा तो चहा-भाकरीनं राखू.

शेवटच्या आठवड्यात त्या मुलींनी एक मराठी वाक्य पाठ केलं होतं, “ताई, पाकीट दाखवता का?” उच्चार असा काही, की बायका हसत हसत पाकीट आणायला उठायच्या. पुढची तुकडी दिवाळीनंतर येणार आहे. कोणत्या गटातून कोण सोबत जाणार, ते येत्या बैठकीत ठरवू. येताना गरोदर सुना-लेकींनाही घेऊन या.