वस्तूंचे पारपत्र
(आंबेडकर जयंतीच्या सभेतील भाषण)



आपण पारपत्र हाती घेऊन या देशात आलो. आता वस्तूंनाही पारपत्र मिळत आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी कायद्याने त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविली. विजेच्या मोटारी, ई-स्कूटर, ई-सायकली यांच्या बॅटऱ्या आणि दोन किलोवॅट-तासांहून मोठ्या औद्योगिक बॅटऱ्या यांवर क्यूआर कोड असावा व त्यातून त्या बॅटरीची जन्मकथा वाचता यावी, अशी ही योजना आहे. ब्रिटन २०२० साली संघातून बाहेर पडला, तरी तेथे माल विकणाऱ्यास हा नियम लागूच आहे.

खरी कसोटी आहे ती माहितीच्या आराखड्याची. एका कारखान्याने कोबाल्टचे प्रमाण सेलच्या वजनावर काढले, दुसऱ्याने संपूर्ण बॅटरीच्या वजनावर. दोघांनीही प्रामाणिकपणे टक्केवारी लिहिली, तरी त्यांची तुलना खोटीच ठरते. म्हणून आकड्याशेजारी एकक, आधार, दिनांक आणि तो कोणी सांगितला, हे नोंदविणे अपरिहार्य आहे. रासायनिक घटना त्या नमुन्याच्या सर्व बॅटऱ्यांची एकच असते. उरलेली क्षमता मात्र प्रत्येकीची निराळी आणि बदलती. ही दोन्ही एकाच रकान्यात कोंबली की गोंधळ अटळ. जुन्या बॅटरीस नवे काम दिले, तर तिचे नवे पारपत्र निघते, पण ते पहिल्याशी जोडलेले असावे लागते. प्रतीत्यसमुत्पाद जाणणाऱ्यांना हे फारसे नवखे वाटू नये.

आता माझी तक्रार. बॅटरी कोणत्या क्रमाने उघडावी, कोणती हत्यारे लागतात, कोणती खबरदारी घ्यावी, ही माहिती कायद्याने सर्वांस खुली ठेवलेली नाही. ती 'वैध हितसंबंध' असणाऱ्यांसाठी राखली आहे. हातोड्याने बॅटरी फोडणाऱ्या भंगार कामगाराचा हितसंबंध वैध की अवैध? त्याचे तर प्राण त्यात गुंतलेले. आपल्याकडे हे काम कोणत्या वस्तीतील माणसे करीत आली, ते मी या सभेला सांगावयास नको.

मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, बाबासाहेबांना स्वतः तळ्यावर जावे लागले. इथे तर ठरावातच कुंपण आहे!

सुरक्षिततेची माहिती चित्ररूपात, अनेक भाषांत आणि इंटरनेटविनाही वाचता येईल अशी असावी, असे माझे मत आहे. भाषेचा रकाना आराखड्यात आरंभीच ठेवला तर खर्च नाममात्र. मागाहून तो कोणी घालीत नाही. या पारपत्रांची मानके युरोपीय मानक संस्थांची संयुक्त समिती, जेटीसी २४, तयार करते आणि मानकांचे मसुदे राष्ट्रीय मानक संस्थांमार्फत लोकांच्या अभिप्रायासाठी खुले होतात. आपल्यात संगणक अभियंते पुष्कळ आहेत. असे मसुदे वाचून सूचना पाठविण्यास जे तयार असतील, त्यांनी भोजनापूर्वी चिटणीसांकडे नावे द्यावीत.

नमो बुद्धाय! जयभीम!