पूल बांधून मिळतो, राखायचा कोणी?



अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग नावाचं शहर आहे. एके काळी पोलादासाठी जगभर नावाजलेलं. अ‍ॅलेघेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या इथे एकत्र येतात आणि पुढे ओहायो नदी म्हणून वाहतात. नद्या, टेकड्या आणि खोल घळी यांमुळे या एका शहरात चारशेहून जास्त पूल आहेत. त्यांतला फोर्ब्स अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावरचा फर्न हॉलो पूल २८ जानेवारी २०२२ रोजी भल्या सकाळी कोसळला. त्या वेळी पुलावर एक प्रवासी बस होती, काही मोटारी होत्या. माणसं जखमी झाली. प्राणहानी मात्र सुदैवाने झाली नाही. योगायोग असा की त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन पिट्सबर्गला येणार होते, आणि त्यांच्या भाषणाचा विषय होता देशातले रस्ते, पूल आणि त्यांच्यासाठी मंजूर झालेला निधी.

वर्ष संपायच्या आत, डिसेंबर २०२२ मध्ये, त्याच जागी नवा पूल वाहतुकीला खुला झाला. खर्च आला २ कोटी ५३ लाख डॉलर. हा सगळा खर्च केंद्र सरकारच्या पूल निधीतून भागला. शहराला आपला हिस्सा घालावा लागला नाही.

इतक्या झपाट्याने पूल उभा राहिला, याचं कौतुक वाटतंच. पण पुलाचा मालक असलेलं शहर आधीची अनेक वर्षं काय करत होतं? त्याचं उत्तर शोधायचं तर केंद्राच्या तिजोरीतला पैसा गावच्या रस्त्यापर्यंत कसा येतो आणि कुठे येऊन थांबतो, हे पाहावं लागतं.

अमेरिकेत या व्यवस्थेचा पाया १९१६ साली घातला गेला. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्या वर्षीच्या जुलैमध्ये पहिल्या रस्ते साहाय्य कायद्यावर सही केली. टपाल नेता येईल असे ग्रामीण रस्ते व्हावेत म्हणून पाच वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर ठेवले. निम्मा खर्च केंद्राचा, निम्मा राज्याचा. शिवाय अट अशी, की पैसा हवा असेल तर राज्याने आपला रस्ते विभाग उभा करायचा. पुढे १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. त्यात केंद्राचा वाटा ९० टक्के झाला, आणि पेट्रोल-डिझेलवरचा कर जमा करण्यासाठी महामार्ग निधी नावाचं स्वतंत्र खातं उघडलं गेलं. पेट्रोलवरचा केंद्राचा कर आज गॅलनमागे १८.४ सेंट आहे. १९९३ पासून तो वाढलेला नाही. महागाई वाढली, गाड्या कमी इंधनात जास्त धावू लागल्या, आणि खातं आटत गेलं. २००८ पासून सर्वसाधारण तिजोरीतून त्यात वारंवार भर घालावी लागते आहे.

या पैशाला गावापर्यंत यायला दोन वाटा आहेत. पहिली वाट सूत्राची. कोणत्या राज्याला किती मिळणार हे कायद्यातल्या सूत्राने ठरतं, आणि राज्य ते पुढे देतं. पन्नास हजारांहून जास्त वस्तीच्या नागरी भागात एक महानगर नियोजन संस्था असावी लागते. तिच्या मंजूर यादीत काम नसेल तर केंद्राचा पैसा त्यावर खर्च होत नाही. साधारणपणे ८० टक्के केंद्राचे, २० टक्के स्थानिक. आणि बहुतेक योजनांत पैसा आगाऊ हातात येत नाही. आधी काम करायचं, बिलं सादर करायची, मग परतफेड. मोठ्या शहराला हे झेपतं. ज्या गावाचं वर्षाचं अंदाजपत्रकच एका पुलाच्या खर्चाहून लहान आहे, त्याने काय करायचं?

दुसरी वाट स्पर्धेची. २००९ च्या मंदीत टायगर नावाची योजना सुरू झाली. शहरं आणि राज्यं यांनी थेट वॉशिंग्टनकडे अर्ज करायचा, त्यातून निवड होणार. रक्कम होती १५० कोटी डॉलर. अर्ज आले चौदाशेहून जास्त आणि मागणी झाली जवळजवळ ६,००० कोटी डॉलरची. निवडली गेली ५१ कामं. पुढे सरकारं बदलली तशी या योजनेची नावंही बदलली, स्पर्धेचं स्वरूप मात्र तेच राहिलं. अशा अर्जात लाभ-खर्चाचं गणित मांडावं लागतं, पर्यावरणाचा विचार दाखवावा लागतो, हिश्शाची तरतूद दाखवावी लागते. हे काम जाणकार माणसांचं आहे. ज्या गावात पूर्णवेळ अभियंताही नाही, ते गाव कितीही गरजू असलं तरी अर्जातच मागे पडतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या पायाभूत सुविधा कायद्याने यातली एक अडचण दूर केली, हे मोकळेपणाने सांगायला हवं. पाच वर्षांत पुलांसाठी सूत्राने २,७५० कोटी डॉलर वाटायचं ठरलं. त्यातले १५ टक्के रस्त्यांच्या मुख्य जाळ्याबाहेरच्या पुलांसाठी राखले, आणि असा पूल स्थानिक संस्थेचा असेल तर शंभर टक्के खर्च केंद्राचा, अशी सोय केली. हिस्सा भरता येत नाही म्हणून पूल तसाच पडून राहिला, हे कारण तिथे तरी उरलं नाही.

आता पुन्हा फर्न हॉलो पुलाकडे वळू या. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताची चौकशी केली. हा पूल एका खास पोलादाचा होता. त्याला रंग द्यावा लागत नाही. हवेत त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच आतल्या पोलादाचं रक्षण करतो. अट एकच, पोलाद वरचेवर कोरडं व्हायला हवं. इथे पाणी वाहून नेणारे मार्ग पालापाचोळ्याने आणि मातीने तुंबले होते. पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ पुलाच्या पायांपाशी साचत राहिलं. गंज आत शिरला, पोलाद झिजलं, शेवटी एक पाय निकामी झाला आणि सगळा पूल खाली आला. पाहणी होत होती. २०११ पासून पुलाची गणना ‘खराब’ या वर्गात होत होती. अहवालांमागून अहवाल दुरुस्ती सुचवत होते. २०१८ मध्ये एका नागरिकाने गंजून तुटलेल्या आधाराचा फोटो समाजमाध्यमावर शहराला दाखवलाही होता. मंडळाचा निष्कर्ष स्पष्ट आहे: देखभालीच्या आणि दुरुस्तीच्या वारंवार आलेल्या शिफारशींवर शहराने कारवाई केली नाही.

शहराची चूक निःसंशय आहे. पण शहराची स्थितीही पाहायला हवी. १९५० मध्ये पिट्सबर्गची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या पुढे होती; २०२० मध्ये ती तीन लाखांच्या आसपास उरली. पोलादाचे कारखाने बंद पडले, कर भरणारी माणसं निघून गेली, पूल मात्र जागेवरच राहिले. २००३ पासून २०१८ पर्यंत राज्याने या शहराला आर्थिकदृष्ट्या संकटग्रस्त ठरवलं होतं.

आणि इथेच अनुदानाच्या रचनेतला दोष दिसतो. पुलाच्या मोऱ्या साफ करणं, पालापाचोळा काढणं, खड्डे बुजवणं ही नित्याची देखभाल केंद्राच्या रस्ते अनुदानात बसत नाही. पुलाचं आयुष्य वाढवणारी मोठी दुरुस्ती बसते, नवा पूल तर बसतोच. बससेवेचंही असंच. बस विकत घ्यायला केंद्र साधारण ८० टक्के मदत करतं. पण दोन लाखांहून मोठ्या नागरी भागांत, काही अपवाद सोडले तर, चालकाचा पगार आणि इंधन या नेहमीच्या अनुदानातून भागवता येत नाही. २०२० च्या महासाथीत तेवढी ही मर्यादा बाजूला ठेवून सार्वजनिक वाहतुकीला २,५०० कोटी डॉलर दिले गेले आणि बससेवा टिकल्या. एरवी अनुदानाची रीत लग्नाला हातभार लावून संसाराकडे पाठ फिरवणाऱ्या नातेवाइकासारखी आहे.

देखभाल स्थानिक संस्थेनेच करावी, नाहीतर ती बेफिकीर होईल, असं म्हणणारे आहेत. त्यात तथ्य आहे. पण पाणी तुंबू न देण्याचं काम स्वस्त, आणि ते न केल्यामुळे बांधावा लागलेला पूल अडीच कोटी डॉलरचा. स्वस्त कामाला पैसे नाहीत आणि महागाला भरपूर, असं असेल तर तंगीतलं शहर मोडतोडीची वाट पाहत बसणारच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अनुदान मंजूर करतानाच हे काम पुढची तीस वर्षं कोण राखणार आणि कोणत्या पैशातून, हे लिहून घ्यावं. आणि ज्या शहरांची खरोखर ऐपत नाही, त्यांना पाहणी अहवालात सुचवलेल्या देखभालीसाठीही केंद्राने वाटा द्यावा. २०२१ च्या कायद्यातला निधी सप्टेंबर २०२६ अखेरच्या आर्थिक वर्षापर्यंतचा आहे. पुढच्या कायद्यात या गोष्टीला जागा मिळायला हवी.

श्रोतेहो, आपल्याकडे २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत या प्रश्नाचं एक उत्तर आहे. रस्त्याच्या कंत्राटातच पाच वर्षांची देखभाल त्याच ठेकेदारावर बांधलेली असते आणि तिचा खर्च राज्य सरकार करतं. तरतूद चांगली आहे, पण ती कागदावर राहू नये यासाठी आपण जागं असायला हवं. तुमच्या गावाला या योजनेचा रस्ता असेल तर त्याच्या कडेला फलक असतो. तो वाचा. देखभालीची मुदत केव्हा संपते ते पाहा. मुदतीत रस्ता उखडला असेल तर ग्रामसभेत विचारा, ‘मेरी सडक’ या मोबाइल अ‍ॅपवर फोटोसह तक्रार नोंदवा. आणि मुदत संपत आली असेल तर त्यानंतरच्या वर्षांची तरतूद कुठे आहे, हे आजच लेखी मागा. रस्ता मिळवण्यासाठी आपण जेवढे अर्ज करतो, तेवढाच आग्रह तो टिकवण्यासाठीही धरा.